उजेड खाणारा लेप

२ एप्रिल, बुधवार

नातवाला, भावेशला, खताच्या दुकानातून ही डायरी मिळाली. जानेवारीपासून टीव्हीखाली कोरी पडून होती. एवढा चांगला कागद वाया जाताना बघवेना, म्हणून मी घेतली. मी चौथीत असताना धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला घरी बसले, ती बसलेच. पण अक्षर गेलं नाही. बाई म्हणायच्या, वहीत शुद्ध लिहायचं. तसंच लिहीन. लोकांचं बोलणं मात्र शुद्ध करणार नाही. चेतना 'शे' म्हणाली आणि मी 'आहे' लिहिलं तर ते खोटंच झालं.

लिहायला कारण आहे. चेतना आली आहे, आणि दोन दिवसांसाठी नाही, पावसाळ्यापर्यंत. माझ्या मुलाची, सुकलालची पोरगी, भावेशची धाकटी बहीण. पुण्यात प्रयोगशाळेत असते. तिच्या सरांनी आणि तिने मिळून एक लेप तयार केला आहे. तो दवाखान्यात खाटेच्या गजाला, टेबलाला, दाराच्या कडीला लावायचा, म्हणजे त्यावर बसलेले जंतू मरतात. आमच्या म्हसावदलाच नवनीत डॉक्टरांच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात तो लावून बघायचा आहे. मी विचारलं, पुण्यात दवाखाने संपले का? म्हणे, तिकडच्या दवाखान्यात सगळं आधीच चकाचक असतं, तिथे काय कळणार.

घर भरलं. भावेशची बायको कामिनीही इथेच आहे, तिला मे महिन्यात दिवस भरतात. मी सकाळपासून तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा साखर जास्त पडली.

४ एप्रिल, शुक्रवार

आज लेप लावताना पाहिला. चेतनाने तोंडाला फडकं बांधलं होतं आणि हातात फवारणीसारखा छोटा पंप. मला वाटलं होतं रंगासारखा काही दिसेल, पण लावला तरी गज जसाच्या तसा, नुसती पिवळट झाक. दोन खोल्यांत लावला, एक तपासणीची आणि एक बाळंतिणींची, चार खाटांची. मग त्यावर मोठे दिवे धरून दिवसभर सुकवला.

मीनाबाई तिथेच उभी होती. ती दवाखान्यात आयाचं काम करते, धडगावकडची आहे, आमच्याशी आमच्या बोलीत बोलते आणि फोनवर घरच्यांशी तिच्या. मी चेतनाला विचारलं, जंतू मरतात कसे. ती म्हणाली, "उजेड म्हणजे त्यानं जेवण शे, आजी. उजेड पडना का तो हवामाधलं काहीतरी तिखट करस, आन जंतू मरतस." म्हणजे मिरचीच्या धुरीसारखं, मी म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, असंच समज.

मला लगेच कळलं. आपल्या ज्वारीच्या बिबड्या आणि पापडांचं काय आहे? एकदा कडक ऊन खाऊ दिलं की वर्षभर डब्यात अंधारात राहिले तरी काही होत नाही. उन्हाचा गुण आत उतरतो. तसाच हा लेप दिव्याखाली पोटभर जेवला. सायन्सचं आहे म्हणून अवघड असतं असं नाही.

५ एप्रिल, शनिवार

बाळंतिणींच्या खोलीचं मला कालपासूनच मनात होतं. दोन मोठ्या खिडक्या, आणि त्यांना आरपार दिसेल इतक्या पातळ कापडाचे तुकडे. बाहेर बेचाळीसचं ऊन. आत ओली बाळंतीण आणि दोन दिवसांचं लेकरू. डोळ्यांवर उजेड, अंगावर झळ, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला अंधारात ठेवतात, ते काय वेडे म्हणून ठेवतात का.

माझी दोन जुनी लुगडी होती, एक गर्द निळं आणि एक काळपट हिरवं. दुहेरी करून आज पडदे शिवले. मशीनची सुई दोनदा तुटली. संध्याकाळी मीनाबाईने स्टुलावर चढून लावले. खोली अशी थंडगार झाली की एक बाळंतीण तिथल्या तिथे झोपली. डॉक्टर राउंडला आले, दिवा लावला, तपासलं, दिवा मालवला आणि म्हणाले, आजी, कूलरचं काम केलंत तुम्ही.

चेतनाला सांगितलं नाही. ती शहाद्याला गेली होती. कामिनी तिथे जाईल तेव्हा आपोआप दिसेल, तेवढीच मजा.

१४ एप्रिल, सोमवार

चेतना दर तिसऱ्या चौथ्या दिवशी दवाखान्यात येते. कापसाच्या काडीने गज पुसते, ती काडी बशीतल्या जेलीवर फिरवते, बशी बर्फाच्या डब्यात ठेवते आणि शहाद्याच्या कॉलेजात नेते. तिथे ऊबेत ठेवली की जंतू ठिपके होऊन दिसतात. जितके ठिपके कमी तितकं काम चांगलं.

मी रोज दुपारी बाळंतिणींकडे जाते. कुणाला शिरा, कुणाला नुसत्या गप्पा. चेतना यायच्या वेळी मीनाबाई पडदे सरकवते आणि दिवा लावते, तिला काडी फिरवायला दिसायला हवं म्हणून. ती गेली की आम्ही परत ओढून घेतो. चेतनाला कामात इकडेतिकडे बघायची सवयच नाही, लहानपणी ताटात काय आहे न बघता जेवायची.

मी तिथल्या सगळ्याजणींना सांगते की हा लेप माझ्या नातीचा. धडगावकडची एक सासू आहे, सुनेजवळ बसून असते, तिने गजावर हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, काहीच तर नाही. मी म्हटलं, नसल्यासारखं असणं हेच त्याचं कसब.

कामिनीबद्दल लिहायला हात जात नव्हता, पण लिहिते. तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, सुरतला. मुलगा झाला होता. आठवडाभरात अंगात जंतू शिरले आणि गेला. कुठून शिरले कुणी सांगू शकलं नाही. तेव्हापासून कामिनी आमच्या घरातली भांडीसुद्धा दोनदा धुते. या वेळी तिची आई म्हणत होती, परत सुरतलाच ये, मोठ्या दवाखान्यात नाव घालू. चेतनाने तिला लेपाचं समजावलं, तेव्हा कुठे ती इथे थांबायला तयार झाली. म्हणजे आता लेप म्हणजे नुसता लेप राहिला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

चेतना जेवली नाही. तपासणीच्या खोलीच्या बशा स्वच्छ येत आहेत. बाळंतिणींच्या खोलीच्या बशांवर मात्र ठिपकेच ठिपके, लेप लावायच्या आधी होते तितकेच. मी म्हटलं, बाळंतिणींची खोली आहे, येणंजाणं असतं, बाया कशालाही हात लावतात. ती म्हणाली, तपासणीच्या खोलीत तर त्याहून जास्त लोक येतात.

पुण्याच्या सरांशी फोनवर अर्धा तास बोलत होती. सर ओरडत नव्हते, पण न ओरडण्याचाही एक प्रकार असतो. लेप एका जागी चालतो आणि एका जागी चालत नाही, तर तो कुणाला द्यायचा? अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे आमच्या आखाजीपर्यंत, असंच राहिलं तर काम बंद करून परत ये, असं ते म्हणाले.

मला सुचतं ते मी केलं. बाळंतिणींच्या खोलीतल्या टेबलांवर माझे विणलेले रुमाल घालून आले. लेप झाकून राहिला तर कुणाच्या हाताने झिजणार नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

आज चेतनाने कामिनीला सगळं सांगितलं. मी तिला आधी विनवलं होतं की थोडं थांब, कदाचित पुढची बशी चांगली येईल, तिला या दिवसांत कशाला घोर. पण ती स्वयंपाकघरात गेली, फोनवरचे फोटो उघडले आणि दोन्ही बशा तिच्यापुढे धरल्या. एक कोरी. दुसरी अशी, की जेलीवर रवा सांडला असावा. म्हणाली, वहिनी, ज्या खोलीत तू राहशील त्या खोलीत माझा लेप चालत नाही, आणि का चालत नाही ते मला माहीत नाही.

कामिनी कणीक मळत होती. हात धुतले, दोनदा, आणि आईला फोन लावला. शनिवारी गाडी सांगितली आहे. नवव्या महिन्यात, या उन्हात, सुरतपर्यंत. सुकलाल अंगणात नुसता फिरतो आहे. भावेश बायकोची बाजू घ्यावी की बहिणीची ते न कळून केळीच्या बागेत जाऊन बसला.

मला चेतनाचा राग आला. खरं बोलायलाही वेळ असते. रागात तिला ताक द्यायला विसरले, मग नेऊन दिलं.

२६ एप्रिल, शनिवार

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

पहाटे मनात आलं की सुरतच्या दवाखान्यात काचेच्या खिडक्या असतील, तिथे कामिनीला अंधार कोण करून देणार. म्हणून सकाळीच दवाखान्यात गेले आणि माझे पडदे काढून आणले. ओट्यावर बसून घड्या घालत होते, तिच्या पिशवीत वर ठेवायला. चेतना तिथेच पायरीवर बसली होती, तोंड उतरलेलं. सहज विचारायचं म्हणून तिने विचारलं.

"आजी, ह्या परदा कोठला शेत?"

मी म्हटलं, बाळंतिणींच्या खोलीतले. मीच शिवले, लुगड्याचे, दुहेरी.

"कवयपासून व्हतात तठे?"

"तू लेप लाया ना, त्याना दुसरा दिनपासून."

तिने पडदा हातात घेतला आणि उन्हाकडे धरला. त्यातून काहीच दिसेना. मी कौतुकाने सांगितलं की पलीकडून टॉर्च मारला तरी येत नाही. तिने तो माझ्या मांडीवर परत ठेवला. मग म्हणाली, "उपाशी मारं तू त्याले, आजी."

मी म्हटलं, अगं त्याला दिव्याखाली जेवू घातलं होतंस ना, दिवसभर. मग पापडाचं सांगितलं. ती आधी हसायला लागली आणि मग हसताहसता रडायला लागली. म्हणाली, तो नुसता सुकायला ठेवला होता. जेवण त्याला रोज लागतं, आपल्यासारखं. उजेड असेल तोवरच तो काम करतो. अंधार झाला की तो नुसता गज.

रुमालांचंही सांगून टाकलं. तिने कपाळाला हात लावला.

तीन आठवडे मी रोज तिथे जाऊन तिच्या नावाची फुशारकी मारत होते आणि हाताने तिचं काम विझवत होते. कामिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. सुकलाल तिला म्हणाला, पोरी, आता कळलं ना कारण, मग थांब. चेतनाच उलट बोलली. म्हणाली, वहिनी, पडदे काढल्याने सगळं ठीक होईल असं मी आज सांगू शकत नाही. परत बशा लावाव्या लागतील, आणि तू त्यासाठी थांबू नकोस.

कामिनी उंबऱ्यावर खाली बसली, पोटावर हात ठेवून. तिच्या तोंडून एवढं एकसलग बोलणं मी या घरात पहिल्यांदा ऐकलं.

"पहिल्या खेपले शेवटलगून सगळं चांगलं शे म्हनत व्हतात माले. हिनी तर सोताना लेप खराब शे म्हनीसन दखाडं. सुरतमा माले खराब बात कोण सांगी?"

गाडी रिकामी परत गेली. ज्या खरेपणाचा मला परवा राग आला होता, त्यानेच ती थांबली. मी यावर बराच विचार केला. अजून पुरता झाला नाही.

२८ एप्रिल, सोमवार

पडदे काढणं सोपं होतं, काढलेले ठेवणं अवघड. आज गेले तर धडगावकडच्या सासूने खिडकीला स्वतःची चादर बांधली होती. मी म्हटलं, सोडा. ती म्हणाली, "काल तूच म्हने अंधार कर, आज तूच म्हनस उजेड कर. उद्या म्हनशी खाट बाहेर काढा." मीनाबाईही तिच्याच बाजूने, म्हणे, म्हातारी, तू डॉक्टर कवय व्हयनी?

खरंच, मीच पढवलं होतं त्यांना. आणि त्यांचं चुकतं कुठे? बाळंतिणीला झोप हवी, झळ नको, अंगावरून पदर सरकला तर कुणी बघायला नको. हे सगळं मला अजूनही पटतं. चेतनाचं उजेडाचंही पटतं. दोन्ही पटली की माणूस दारातच अडकून पडतं.

तिथेच बसून राहिले आणि खाटांकडे बघत बसले. लेप कुठे आहे? गजाला, टेबलाला, कडीला. बाळंतिणीच्या डोळ्यांना तर लेप नाही. मग अंधार सगळ्या खोलीला कशाला, तिच्या डोक्यापुरता केला तर? घरी येऊन निळ्या पडद्याचे चार तुकडे केले. खाटेच्या डोक्याकडच्या सळईला बांबूची कमान बांधून एकेक तुकडा वर टाकायचा, बैलगाडीला टप असतो तसा. आई आणि लेकरू त्याच्या सावलीत, बाकी खाट उजेडात. झळेसाठी डॉक्टरांनी खिडकीबाहेर ओला वाळा लावून द्यायचं कबूल केलं, पण वरची अर्धी खिडकी मोकळी ठेवून.

सासूने टपाखाली डोकं घालून पाहिलं. मग चादर सोडली.

३ मे, शनिवार

आखाजी झाली. मोटारीच्या टायरचा झोका बांधला होता, चेतना बसली नाही, तिचं लक्ष बशांकडे. आज आल्या. ठिपके आहेत, पण मोजके, उकडीत चुकून गूळ दिसावा तसे. मी पेढे सांगायला निघाले तर तिने धरून बसवलं. म्हणाली, कमी झाले, संपले नाहीत. मीनाबाईचं पुसणं आणि सगळ्यांचं साबणाने हात धुणं चालूच राहील, लेप त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे. कामिनीलाही तिने हेच आणि एवढंच सांगितलं.

मग ती सरांना लिहायला बसली. मी म्हटलं, पडद्याचं नको लिहू, महिनाभराच्या बशा टाकून दे, आजपासूनच्या लिही. घरातली गोष्ट घरात राहू दे. ती म्हणाली, आजी, तेच तर लिहायचं आहे. इथल्या खोल्या अंधाऱ्या ठेवतात हे आम्हाला कुठे माहीत होतं. उद्या हा लेप दुसऱ्या गावी गेला तर तिथेही कुणीतरी पडदे शिवेलच.

म्हणजे माझे पडदे पुण्याला पोहोचले. सरांनी कळवलं, प्रत्येक खोलीतला उजेड मोज आणि काम चालू ठेव. उजेड मोजायचं यंत्र असतं म्हणे. असू दे.

१२ मे, सोमवार

मुलगी झाली. सकाळी, ऊन खिडकीत चढत होतं तेव्हा. कामिनी बरी आहे. मुलगी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरते आणि रडते मात्र दोघांएवढं.

कामिनी हसली नाही. लेकराकडे बघतही नव्हती, दूध पाजताना भिंतीकडे बघायची. मागच्या वेळचा आठवडा तिच्यापुढे उभा आहे. तो एकदा ओलांडायचा आहे, मग बघू.

हात धुऊन, पुसून, मीनाबाईच्या परवानगीने मी लेकराला घेतलं. खुर्ची गजापाशी ओढली तर माझीच सावली गजावर पडली, म्हणून पुन्हा सरकले.

२२ मे, गुरुवार

आठवडा गेला, वर तीन दिवसही गेले. लेकराचं अंग ऊन नाही, दूध ओढतं, वजन वाढलं. काल घरी आणलं. कामिनीने घरी पाय ठेवल्यावर पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली. नाव अजून ठरलेलं नाही, तिने तिच्या मनातल्या नावाने मारली, आणि मी ते बारशाआधी इथे लिहिणार नाही.

बाळंतिणीची जागा म्हणून आतली खोली मी आधीच सारवून ठेवली होती. त्या खोलीला खिडकी नाही. माझी सहाही बाळंतपणं तिथे झाली. कामिनी दारात थांबली, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. इथे घरी लेप नाही, गजही नाही, तेव्हा उजेडाची गरज काय, असं मी म्हणू शकले असते. पण सुकलालला हाक मारून खाट बाहेरच्या खोलीत खिडकीशी लावायला सांगितली. शेजारणी नावं ठेवतील. ठेवू द्या, मीही चार जणींना ठेवली आहेत.

आज सकाळी कामिनी न्हायला गेली तेव्हा लेकरू मांडीवर होतं, खिडकीतून सरळ उजेड. माझ्या सहा लेकरांची तोंडं मी पहिला सव्वा महिना चिमणीच्या उजेडात पाहिली. कोण कसं दिसतं ते हाताने ठाऊक असायचं. बाहेर यायचं तोवर ती मोठी झालेली असायची आणि मी कामाला लागलेली. हिला मात्र जन्मल्यापासून उन्हात बघते आहे. कानाची पाळी इतकी पातळ की लाल दिसते. डाव्या भुवईत मधेच चार केस उलटे फिरले आहेत.

मनात आलं आणि सुकलालला बोलावलं. खिडकीशी उभं केलं. साठीला आलेला माणूस, भुवया निम्म्या पांढऱ्या. डाव्या भुवईत मधेच चार केस उलटे.

तो म्हणाला, "काय व्हयनं वं माय?"

"काही नही. उभा ऱ्हाय जरासा."